तोरेआल्मिराची रेल्वे कोणी चोरली?

१

तोरेआल्मिराची रेल्वे चोरीला गेल्याचं शुक्रवारी सकाळी सव्वासातला उघडकीला आलं, आणि साडेसातला श्रीरंगला फोन आला की रूळ मुकाट्याने परत कर.

श्रीरंग दात घासत होता. फोन मनीषा खांडेकरांचा. मनीषाताई केंद्र सरकारात मोठ्या अधिकारी आणि मराठी मंडळाच्या चिटणीस. त्यांचं फोनवरचं बोलणंही असं, की ऐकणाऱ्याने खाली सही कुठे करायची ते शोधावं. श्रीरंगने फेस थुंकून विचारलं, कोणते रूळ? त्यावर त्या म्हणाल्या की हाच प्रश्न करणार हे अपेक्षितच होतं, आणि तशी नोंद झालेली आहे.

स्वयंपाकघरातून बायको सरोज काहीही न ऐकता म्हणाली, "काय केलंस?"

बावन्न वर्षांच्या माणसाची ही कमाई. पण तिचंही चूक नव्हतं. गेल्या दिवाळीत नरहरकाकांच्या प्रतापगडाच्या पायथ्याशी प्लास्टिकचा डायनोसॉर चरताना सापडला, तो श्रीरंगचा. चारुदत्त पेंडशांच्या सिंधुदुर्गाच्या पाण्यात मगर निघाली, तीही त्याचीच. संक्रांतीच्या तिळगुळात एका लाडवात हिरवी मिरची होती आणि तो लाडू बरोबर मनीषाताईंच्या हातात पडला, हा मात्र निव्वळ योगायोग. निदान श्रीरंग तसं सांगायचा. पोटापाण्याला तो एका विमा कंपनीत होता. लोकांचं नुकसान झालं की जाऊन पाहायचं, त्यांची कहाणी ऐकायची आणि त्यात खरं किती ते हुडकायचं. थापा मारायचा छंद आणि थापा पकडायची नोकरी, असं त्याचं दोन्हीकडून छान चाललं होतं.

आता तोरेआल्मिरा. हे स्पेनमधलं जेमतेम तीन हजार आठशे वस्तीचं गाव. डोंगरावर घंटेचा बुरूज, खाली नदीचं वळण, आजूबाजूला ऑलिव्हची झाडं. आणि या गावाची दुसरी प्रत होती लखनौच्या इंदिरा नगरात, नरहरकाकांच्या रिकाम्या गॅरेजमध्ये. माती, तरट, काड्यापेट्या आणि तीन महिन्यांची मेहनत.

मंडळात दरवर्षी दिवाळीच्या किल्ल्यांची स्पर्धा असायची. नरहरकाका रेल्वेतले निवृत्त इंजिनियर, वय चौऱ्याहत्तर. अकरा वर्षं पहिला नंबर त्यांचाच. रायगड झाला, राजगड झाला, जंजिरा झाला. यंदा त्यांनी एकाएकी जाहीर केलं की किल्ला नाही, गाव करणार, आणि तेही स्पेनचं. सोबत चौदा पानी टिपण लिहिलं. वर ठळक अक्षरांत: ‘तोरेआल्मिरा: भूगोल, इतिहास व अर्थव्यवस्था’.

हेच गाव का, असं कोणी विचारलं की काका म्हणायचे, अभ्यासाचा विषय आहे.

अभ्यासाचा विषय काय होता ते अख्ख्या मंडळाला ठाऊक होतं. काकांची एकुलती एक मुलगी श्रुती सहा वर्षांपूर्वी नोकरीला म्हणून तिकडे गेली आणि तिथल्याच माटेओ नावाच्या मुलाशी लग्न करून मोकळी झाली. तिने फोन केला तेव्हा काका एवढंच म्हणाले, "मग तिथेच राहा." आणि फोन ठेवला. त्यानंतर घरात तिचं नाव काढायची सोय राहिली नाही. तीन महिन्यांपूर्वी तिचं कार्ड आलं, की धनत्रयोदशीला दोन दिवस लखनौला येतेय, नवऱ्याबरोबर हॉटेलात उतरेन, बोलावलंत तर घरी येईन. काकांनी ते कार्ड वाचलं, चष्म्याच्या घरात घडी करून ठेवलं, आणि दुसऱ्या दिवशी जुन्या ग्रंथालयात जाऊन स्पेनच्या भूगोलाचं पुस्तक घेऊन आले.

ज्या माणसाला ‘माझं चुकलं’ हे दोन शब्द जन्मात उच्चारता आले नव्हते, त्याने ते मातीत बांधायला घेतले होते.

आणि उद्या धनत्रयोदशी. श्रुतीचं विमान संध्याकाळी चारला.

श्रीरंगने अलीगंजहून स्कूटर काढली. काकांच्या फाटकाशी पोचला तर काका भिंतीला टेकवलेल्या फावड्याकडे बघत उभे होते.

२

काकांनी श्रीरंगला आत घेतलं ते आरोपीला घेतात तसं. पुढे चल म्हणाले, आणि स्वतः मागून आले.

गॅरेजला रस्त्याकडे लोखंडी शटर आणि त्याला भलंमोठं कुलूप. किल्ली काकांच्या जानव्याला. त्यांनी ती बंडीतून काढून दाखवली आणि सांगितलं की एकच किल्ली आहे, ती आंघोळीलाही अंगावरच असते. रविवारी संध्याकाळी आपण कुलूप लावलं, सोमवारी सकाळी अंगात ताप भरला, तो गुरुवारी उतरला. चार दिवस आपण अंथरुणात होतो. आज सकाळी शटर वर केलं, आणि हे.

"मधे कोणी आत गेलं होतं?" श्रीरंगने विचारलं.

"कोणीही नाही. चार दिवस इथे कोणीही पाऊल टाकलेलं नाही."

तेवढ्यात स्वयंपाकघराकडच्या छोट्या दारातून वासंतीकाकू चहाचे दोन कप घेऊन आल्या, कप ठेवून गेल्या. काकूंचा चेहरा ओढलेला होता. श्रीरंगला वाटलं, नवऱ्याच्या तापाने जागरणं झाली असतील.

त्याने गाव नीट पाहिलं, आणि दावा तपासायला गेल्यावर पाहतो तसं पाहिलं. म्हणजे काय गेलं ते नंतर, काय राहिलं ते आधी.

बुरूज जागेवर होता. चर्च, चौक, बैलांच्या झुंजीचं गोल मैदान, सगळं शाबूत. डोंगरउतारावर अळीव पेरले होते. ते तरारून वर आले होते आणि गावाला हिरवीगार शाल पांघरल्यासारखी दिसत होती. फक्त रेल्वे नव्हती. काकांनी तांब्याच्या तारेचे रूळ आणि काडेपेटीच्या काड्यांचे स्लीपर लावून जी लाईन टाकली होती, सिग्नलसकट, ती मुळापासून गायब. तिच्या जागी पिवळ्या मातीची सुबक वाट, दोन्ही बाजूंना हिरवळ. वाटेवर तारेची एक इवलीशी सायकल.

"अठराशे एक्याण्णवला ही लाईन आली," काका म्हणाले, "डोंगरातून तीन बोगदे काढून. त्या गावात बघण्यासारखं एवढंच आहे."

बाकीचा इतिहास त्यांनी चहा पिता पिता सांगितला. आधी आफ्रिकेतून आलेल्या मूर लोकांनी टेहळणीचा बुरूज बांधला, मग तो पाडायला जिवावर आलं म्हणून पुढच्यांनी त्यालाच घंटा लटकवल्या. ओकच्या सालीपासून बाटल्यांची बुचं करायचा कारखाना निघाला, बुचं न्यायला रेल्वे आली. रेल्वे म्हणजे त्या गावाचा कणा, आणि कणाच चोराने काढून नेला.

श्रीरंगच्या लक्षात आलं, बुचांचा कारखानाही नव्हता. तिथे एक छोटं छप्पर होतं आणि समोर कणकेच्या चार शेळ्या. दगडी पूलही आपल्या जागेवर नव्हता, वीतभर खाली सरकला होता. आणि स्टेशन तेवढं होतं, पण त्याचं तपकिरी दार कोणीतरी हिरवं केलं होतं.

"श्रीरंगा," काका म्हणाले, "काल संध्याकाळी मंडळाची बैठक माझ्या दिवाणखान्यात झाली. तू हात धुवायला म्हणून उठलास तो सात मिनिटं आला नाहीस. मनीषाने घड्याळ पाहिलं होतं."

श्रीरंगने सांगितलं की तो फरसाण शोधत होता. हे खरं होतं, म्हणूनच कोणाला पटण्यासारखं नव्हतं.

काकांनी थोडक्यात मुदत सांगून टाकली. "उद्या सकाळी दहापर्यंत रूळ मिळाले तर ठीक. नाही मिळाले तर हे सगळं फावड्याने सपाट करणार. अर्धवट काम मी कोणाला दाखवत नाही. विमानतळावरही जाणार नाही."

शेवटचं वाक्य त्यांनी भिंतीकडे बघून म्हटलं. श्रीरंगने फावड्याकडे पाहिलं. चेष्टा म्हणजे चेष्टा, पण बाप-लेकीचं बोलणं आपल्या नावावर कायमचं बंद झालं, तर हे आयुष्यभर पुरलं असतं.

३

चारुदत्त पेंडसे अलीगंजातच राहायचे. सरकारी बँकेत मॅनेजर. अकरा वर्षं दुसरा नंबर. दर वर्षी सिंधुदुर्ग आणि दर वर्षी खरं पाणी. श्रीरंग गेला तेव्हा ते समुद्रात नीळ टाकत होते. आधी मगर आहे का ते बघितलं, मग श्रीरंगला बसायला सांगितलं.

तुमच्यावर संशय आहे, असं श्रीरंगने सरळ सांगून टाकलं. पेंडसे दुखावले, पण भलत्याच कारणाने.

"मी चोरी केली असती तर रेल्वे नेली असती का? मला तेवढी अक्कल नाही असं वाटतं तुम्हाला? बुरूज नेला असता. बुरुजाला दहा मार्क असतात, रेल्वेला मार्कांचा रकानाच नाही."

मग आवाज खाली आणून त्यांनी सांगितलं की गुरुवारी बैठकीत ते दाराजवळच्या खुर्चीवर होते आणि जागचे हलले नाहीत. सोमवार ते बुधवार बँकेच्या कामाला कानपूरला, बुधवारी रात्री परत. आणि खरं सांगू का, म्हणाले, यंदा मी पहिला यायला नको. नरहरराव गाव करतायत. गावाला हरवून पहिला आलो तर लोक म्हणणार, म्हाताऱ्याने किल्ला केला नाही म्हणून आला. मला राजगडाला हरवायचंय.

माणूस रडकुंडीला आला होता. श्रीरंगने मगरीबद्दल माफी मागून टाकली, तर पेंडसे म्हणाले, मगर छान होती, परीक्षकांना आवडली.

मनीषाताईंच्या घरी चहा मिळाला नाही, पत्र मिळालं. स्पर्धेच्या नियम सातप्रमाणे किल्ला महाराष्ट्रातलाच हवा, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि तोरेआल्मिरा बाद करावं असा ठराव त्या मांडणार होत्या. सोबत श्रीरंगला ‘खुलासा सादर करावा’ अशी नोटीस.

म्हणजे हेतू होता. श्रीरंगने विचारलं, मग ताई, तुम्हीच रूळ उचलले का? त्यांनी चष्मा काढला. ज्या गोष्टीला बाद करायचा अधिकार आपल्याकडे आहे, ती चोरायची गरज काय, असं त्यांनी विचारलं. या उत्तराला तोड नव्हती.

"आणि तुम्ही," सकाळीच गॅरेज पाहून आलेल्या ताई म्हणाल्या, "त्या स्टेशनच्या दाराला हिरवा रंग दिलात, तो मात्र बरा दिसतो."

श्रीरंग स्कूटरपाशी येऊन थांबला. त्याला आता हे सतावायला लागलं होतं. चोर आला. रेल्वे नेली, पण तिथे वाट करून गेला. कारखाना नेला, पण शेळ्या देऊन गेला. पूल तर नेलाच नाही, नुसता सरकवला. दार रंगवून दिलं. बावन्न वर्षांत असा चोर त्याने पाहिला नव्हता. खोडसाळ माणूस असं करत नाही. खोडसाळ माणसाची मजा बिघडवण्यात असते, हे त्याला आतून माहीत होतं.

इथे कोणी खोड्या केल्या नव्हत्या. दुरुस्त्या केल्या होत्या.

पण स्पेनमधल्या एका गावाच्या दुरुस्त्या करायला लखनौमध्ये कोणाला काय माहीत?

४

तिसरा संशयित अनुप. त्याची कॉलनीच्या टोकाला रोपवाटिका होती. गावाची सगळी माती त्यानेच ठेल्यावरून आणून टाकली होती. त्याला तोरेआल्मिरा म्हणता यायचं नाही, तो ‘चाचाजी का विलायत’ म्हणायचा. ती रेल्वे त्याला फार आवडायची. दिवाळीनंतर गोवर्धनाच्या झाँकीला, म्हणजे देखाव्याला, देता का, असं त्याने दोनदा विचारलं होतं, आणि दोनदा काकांनी त्याला बोगद्यांची लांबी सांगितली होती.

श्रीरंग त्याला सरळ गॅरेजमध्येच घेऊन आला. वासंतीकाकूंनी मधलं दार उघडून दिलं. काका आत पडून होते.

अनुपने गावाभोवती एक चक्कर मारली. रेल्वे गेल्याचं त्याला मनापासून वाईट वाटलं. मग खाली बसून वाटेच्या कडेची हिरवळ चिमटीत धरली, तोडून चावली.

"भाईसाहब, ये वो बीज नहीं है."

काकांनी पुण्याहून अळीव मागवले होते आणि ते अनुपसमोर पेरले होते. अळिवाची पानं कशी असतात ते त्याने डोंगरावरचं रोप उपटून दाखवलं. वाटेकडेचं वेगळं होतं. पान गोलसर, मधे खाच, आणि चव झणझणीत.

"राई है. रसोई वाली."

श्रीरंगने विचारलं, किती दिवसांची असेल? अनुपने बोटाची पेरं लावून मोजलं, माती हुंगली. म्हणाला, सोमवारची पेरलेली आहे, फार तर मंगळवार सकाळ. गुरुवारी संध्याकाळची असती तर आज दाणासुद्धा फुटला नसता.

श्रीरंग उलट्या घमेल्यावर बसला. म्हणजे गुरुवारची बैठक, हात धुवायची सात मिनिटं, मनीषाताईंचं घड्याळ, हे सगळं फुकट. चोरी सोमवारीच झाली होती. सोमवारी पेंडसे कानपूरला. सोमवारी खुद्द श्रीरंग गोरखपूरला, बुडालेल्या गोदामात गमबूट घालून. मनीषाताई सोमवार-मंगळवार दिल्लीला, हे त्यांनी ग्रुपवर विमानाच्या फोटोसकट कळवलं होतं. आणि अनुपने चोरी केली असती तर त्याने चोरीचा दिवस स्वतःच्या तोंडाने कशाला सांगितला असता?

अनुप उठता उठता म्हणाला, चाचाजींनी कमाल केली, एवढ्या तापातही पाणी घालत राहिले. इथे पत्र्याखाली एवढं ऊन तापतं, चार दिवस पाणी नसतं तर हे सगळं जळून गवत झालं असतं.

श्रीरंगने डोंगराकडे पाहिलं. हिरवागार. माती अजून ओलसर.

चार दिवस इथे कोणीही पाऊल टाकलेलं नाही, असं काका म्हणाले होते. आणि त्याच वेळी त्या छोट्या दारातून कोणीतरी चहा घेऊन आलं होतं.

नोकरीत त्याने हे शंभरदा ऐकलं होतं. घरात कोणी नव्हतं साहेब, असं माणूस शपथेवर सांगतो, आणि मग कळतं की बायको होती. तो खोटं बोलत नसतो. त्याने तिला मोजलेलंच नसतं.

त्याने वाकून वाटेच्या कडा पाहिल्या. मातीची ती कड सरळ कापलेली नव्हती. नागमोडी होती, सारख्या बारीक दातांची. अशी कड करणारं हत्यार प्रत्येक मराठी घरात असतं, आणि ते दिवाळीतच बाहेर निघतं.

५

वासंतीकाकू स्वयंपाकघरात शंकरपाळे कापत होत्या. पोळपाटावर पोळी, आणि हातात पितळेची दातेरी फिरकी.

त्यांनी श्रीरंगला बसवलं आणि बशीत चिवडा, शेव, दोन चकल्या वाढल्या. फडताळावर चार डबे होते. तीन उघडले गेले. चौथा, सगळ्यांत मोठा, करंज्यांचा, तसाच राहिला.

"करंज्या नाही का काकू?"

"अजून व्हायच्यात रे."

दिवाळीच्या आदल्या दिवशी, घरी आलेल्या माणसासमोर, मराठी बाई एक डबा उघडत नाही. श्रीरंगला आयुष्यात एवढा ढळढळीत पुरावा कधी मिळाला नव्हता. तो उठला, डबा खाली काढला आणि हलवला. करंज्या असा आवाज करत नाहीत.

काकूंनी फिरकी खाली ठेवली.

डब्यात तोरेआल्मिराची रेल्वे होती. तांब्याचे रूळ गुंडाळून सुतळीने बांधलेले, काड्यांचे स्लीपर रबराच्या रिंगांत, लाल हाताचा सिग्नल मऊ फडक्यात. तळाशी बुचांचा कारखाना. टाकून द्यायचा धीर झालेला नव्हता.

श्रीरंगने त्यांना मोहरीचं सांगितलं, पाण्याचं सांगितलं, फिरकीचं सांगितलं. एकच कळत नव्हतं, की का.

काकूंनी आधी काकांच्या खोलीचं दार लोटून घेतलं. मग सहा वर्षं कोणाला न सांगितलेली गोष्ट सांगितली. काका दुपारी दोन ते चार झोपतात. सहा वर्षं रोज दोन ते चार, काकू आणि श्रुती फोनवर एकमेकींना बघत बोलतात. तिकडे सकाळ असते, ती चहा करत असते. कधी ती फोन घेऊन बाजारात जाते, कधी नदीवर. काकूंनी ते सगळं गाव असं फिरून पाहिलंय. पाव कोणाकडे चांगला मिळतो तेसुद्धा त्यांना माहीत होतं.

"ह्यांनी आणलं ते पुस्तक साठ वर्षं जुनं," काकू म्हणाल्या. "कारखाना कधीचा बंद झाला. आता सगळं गाव शेळ्यांच्या चीजवर चालतं, माटेओच्या घरचाही तोच धंदा. पूल पुरात वाहून गेला, नवा खाली बांधला. आणि रेल्वे बंद पडून चाळीस वर्षं झाली. रूळ काढून सायकलींचा रस्ता केलाय. लांबून लांबून लोक येतात सायकल चालवायला."

"मग हे काकांना सांगायचं ना."

"काय सांगू? मला कसं कळलं म्हणून विचारतील."

पोरगी येणार, आणि तिच्यासमोर हा माणूस तीन महिने राबून चुकीचं गाव ठेवणार. ती म्हणेल, बाबांना मी कुठे राहते तेही ठाऊक नाही. ताप आला तेव्हा काकूंना वाटलं, हीच संधी. त्यांची समजूत अशी, की चार दिवसांनी उठल्यावर काकांच्या लक्षात येणार नाही.

रेल्वेच्या इंजिनियरच्या लक्षात येणार नाही, रेल्वे नसलेली. श्रीरंगला हसू फुटलं, काकूंनाही फुटलं, आणि मग काकूंनी पदर डोळ्यांना लावला.

त्याच्यापुढे आता दोन रस्ते होते. चोर सांगितला, तर सहा वर्षांची चोरी बाहेर येणार, आणि तीही श्रुती येण्याच्या आदल्या दिवशी. नाही सांगितला, तर सकाळी दहाला फावडं.

श्रीरंगने एक चकली तोंडात टाकली आणि तिसरा रस्ता धरला. काकूंना म्हणाला, डबा माझ्याकडे द्या. सकाळी काही झालं तरी तुम्ही गप्प राहायचं.

६

शनिवारी सकाळी साडेनऊला सगळे गॅरेजमध्ये जमले. मनीषाताई वही घेऊन, पेंडसे हात मागे बांधून, अनुप शटरपाशी, काकू छोट्या दारात. काका फावड्यावर हात ठेवून उभे. श्रीरंगने डबा गावाशेजारी ठेवला, झाकण काढलं आणि सांगून टाकलं की चोर आपणच. गुरुवारी हात धुवायला म्हणून उठलो, इकडे घुसलो, रूळ काढले. गंमत म्हणून. चूक झाली.

सगळ्यांना तत्काळ पटलं. मनीषाताईंनी लिहायला सुरुवात केली. आयुष्यात पहिल्यांदा श्रीरंग निर्दोष होता, आणि एकाही माणसाच्या मनात शंका नव्हती.

काका सोडून. त्यांनी रूळ उचलले, सुतळीची गाठ पाहिली. मग वाटेकडेची हिरवळ पाहिली, आणि बराच वेळ पाहत राहिले. ताप उतरलेला होता, डोकं आता चालायला लागलं होतं.

"सात मिनिटांत दोनशे बारा स्लीपर निघत नाहीत," काका म्हणाले. "ही हिरवळ गुरुवारची नाही. सोमवारी तू गोरखपूरला होतास, गमबुटातला फोटो टाकला होतास. खोटं का बोलतोयस?"

श्रीरंगची थाप आजवर कोणी एवढ्या सभ्यपणे पाडली नव्हती.

"आणि मी चार दिवस पडून होतो," काका सावकाश म्हणाले, "तर या झाडांना पाणी कोणी घातलं?"

काकांनी मान वळवून छोट्या दाराकडे पाहिलं. बहुधा चार दिवसांत पहिल्यांदाच पाहिलं.

"मी घातलं," काकू म्हणाल्या. "रूळही मीच काढले. तिथे रेल्वे नाहीये हो. चाळीस वर्षं झाली."

"तुला कसं माहीत?"

मनीषाताईंनी वही मिटली. श्रीरंगने शटरच्या पट्ट्या मोजायला घेतल्या.

"रोज दोन ते चार," काकू म्हणाल्या. "तुम्ही झोपता तेव्हा."

कोणाशी, ते काकांना विचारायची गरजच नव्हती. फावडं हातात होतं आणि गाव पायाशी. अनुपने एक पाऊल पुढे टाकलं, श्रीरंगने दोन.

"मग ते स्टेशन का ठेवलंस?" काकांनी विचारलं. "रेल्वे नाही तर स्टेशन कशाला?"

"स्टेशन आहे. ती त्या स्टेशनातच राहते. बंद पडलेलं, पडायला आलेलं, कोणी घेत नव्हतं. म्हणाली, आई, मी स्टेशनजवळच वाढले, मला झोप लागेल."

काकांनी फावडं भिंतीला लावलं. त्यांचा डावा गुडघा वाकत नाही, तरी ते एक हात पेंडशांच्या खांद्यावर ठेवून खाली बसले. हिरव्या दाराला बोट लावून पाहिलं. रांगोळीचा रंग बोटाला आला.

"प्लॅटफॉर्म किती?"

"एकच. त्याच्यावर ती कपडे वाळत घालते."

काकांनी डब्यातून फडकं काढलं, सिग्नल सोडवला आणि स्टेशनच्या अलीकडे मातीत रोवला. त्याचा लाल हात आडवा होता, म्हणजे गाडीने थांबायचं. काकांनी तो करंगळीने खाली पाडला. हात खाली म्हणजे रस्ता मोकळा, गाडीने आत यावं, एवढं तिथे सगळ्यांना कळत होतं.

"चारचं विमान," काका म्हणाले, "म्हणजे तीनला निघावं लागेल. मधे ट्रॅफिक असतं."

मनीषाताईंनी तिथल्या तिथे नियम सातचा विषय ‘पुढील वर्षी विचारार्थ’ ठेवला. पेंडसे फार दिवसांनी मनापासून हसले.

संध्याकाळी साडेपाचला श्रुती गॅरेजच्या दारात उभी होती. मागे माटेओ, हातात चपला घेऊन, कारण कोणीतरी त्याला सांगितलं होतं की घरात चपला काढतात. विमानतळावर बाप-लेक एकमेकांशी बोलले नव्हते. काकांनी बॅग घेतली होती, तिने दिली होती, बस. आता काका गावाच्या त्या बाजूला उभे होते आणि अख्खं तोरेआल्मिरा मधे होतं.

श्रुतीने बुरूज पाहिला, खाली सरकलेला पूल पाहिला, शेळ्या पाहिल्या. माटेओने सायकल पाहून काहीतरी म्हटलं आणि तो मोठ्याने हसला. ती हसली नाही. ती स्टेशनसमोर उकिडवी बसली, आणि पाठ फिरवून बराच वेळ तशीच बसली.

शेवटी तिने नाक ओढलं.

"बाबा, दार आता हिरवं नाहीये. निघायच्या आधी आम्ही निळं केलं."

श्रीरंगने खिशातला डायनोसॉर खिशातच ठेवला.

काका कोनाड्याकडे गेले. रांगोळीच्या रंगांचा डबा घेऊन आले, गुडघा सांभाळत तिच्याशेजारी बसले, आणि झाकण उघडून डबा तिच्यापुढे धरला.

"कुठला निळा?"